पत्ता सर्वांत शेवटी

२ जानेवारी २००६, सोमवार. डिचोली.

नवी डायरी. गेल्या वर्षीची फेब्रुवारीतच बंद पडली, कारण ती डायरीच लहान होती. यंदाची मोठी आहे. संकल्प: रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. वाचणारा मीच, त्यामुळे अडचण नाही.

परिस्थिती थोडक्यात. मी पांडुरंग शेट्ये. ट्रस्टच्या रुग्णवाहिका सेवेत ऑपरेटर. नेमणुकीच्या पत्रात ‘टेलिफोन ऑपरेटर’ असं आहे, पण कामाची जबाबदारी बघता ‘डिस्पॅचर’ हाच शब्द योग्य. कुणाला बरं नसलं, अपघात झाला, की लोक आम्हाला फोन करतात. गाडी कुठे जायची ते मी ठरवतो. एक गाडी डिचोलीत, एक पेडण्यात. दोन तालुक्यांचे जीव माझ्या हातात आहेत म्हटलं तरी चालेल. शेजारच्या टेबलावर सुलोचना म्हणून एक बाई आहे. तीही फोन घेते.

कंट्रोल रूम पोदेराच्या (पाववाल्याच्या) दुकानावर. दिवसभर भाजल्या पावाचा वास. गंभीर कामाला हे वातावरण बरोबर नाही. सुलोचना खालून गरम उंडे (गोल पाव) मागवते आणि खाताखाता फोन घेते.

शिफ्ट इन-चार्जची जागा रिकामी आहे. सगुण सर (आमचे मॅनेजर, पूर्वी खाण ऑफिसात होते) मार्चअखेर नाव ठरवणार. दुसरं नाव कुठलं असणार?

आणि दिपालीला सातवा लागलाय. गेल्या खेपेला आठव्यातच दुखू लागलं, सांगून ठेवलेली टॅक्सी आलीच नाही, आणि बाळ राहिलं नाही. त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच, की त्यानंतर खाणीवरची टाइमकीपरची नोकरी सोडून मी इथे लागलो, आणि तिला शब्द दिलाय. या वेळी गाडी दारात उभी असेल. आणि ती मी स्वतः पाठवलेली असेल.

५ जानेवारी

दोन दिवस लिहिणं राहिलं. पेन मिळत नव्हतं.

लोकांना फोन करता येत नाही, हे या समाजाचं खरं दुखणं. काल एकाने सांगितलं, ‘पिंपळाकडेन या.’ कुठला पिंपळ? म्हणे मोठा. दुसऱ्याने साखळीला जाणारी शेवटची बस कितीला ते विचारलं. तिसऱ्याची म्हैस अडली होती. मी म्हटलं, ही माणसांची सेवा आहे. तो म्हणाला, मग माणूसच पाठवा.

मी एकाशीही आवाज चढवला नाही. माझा आवाज हीच माझी खरी डिग्री आहे. शाळेत वक्तृत्वाला ढाल मिळाली होती.

९ जानेवारी

आज एक प्रकार झाला. माझी चूक नाही.

एका ट्रकवरच्या क्लीनरचा फोन आला. माणसाच्या पायावर फाळका पडलाय, गाडी पाठवा, पाळीला. पाळी डिचोलीत, खाणीच्या पट्ट्यात. पालये पेडण्यात, समुद्राकडे. मला ऐकू आलं पालये. त्याने ‘ळ’ म्हटलाही असेल, पण माझ्या कानापर्यंत ‘ल’च पोचला. तेव्हा मी पेडण्याची गाडी पालयेला पाठवली. ड्रायव्हर अभिजीत अख्खा गाव फिरला आणि शेवटी वायरलेसवर म्हणाला की इथे सगळ्यांचे पाय शाबूत आहेत. तोवर इकडे पाळीत जखमी माणसाला खाणीच्या जीपमधून नेलं होतं.

सगुण सरांनी बोलावलं. मी त्यांना सांगितलं की लोक अपुरी माहिती देतात, हे याचं मूळ आहे. सर म्हणाले, मग पुरी माहिती घे.

याला मी आदेश समजतो.

१२ जानेवारी

फॉर्म तयार! तीन संध्याकाळी बसून केला. कागदाच्या दोन्ही बाजू.

सर्वांत वर कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव, कारण फाइल त्याच्या आडनावाने लागणार. मग वय, धंदा, मग फोन करणाऱ्याचं नाव, नातं, रुग्णाचं नाव, त्रास कधीपासून, आधी काय औषध घेतलं, वगैरे. पत्ता सर्वांत शेवटी. यात माझी खरी अक्कल आहे. अनुभव असा, की लोक एकदा पत्ता सांगून झाला की फोन ठेवतात आणि बाकीचे रकाने रिकामे राहतात. पत्ता शेवटी ठेवला की त्यांना थांबावंच लागेल.

सगुण सरांना दाखवला. बराच वेळ उलटसुलट बघून म्हणाले, ‘बगूंया.’ म्हणजे मंजूर.

सुलोचनेने तिचा गठ्ठा घेतला आणि त्याच्यावर उंडे ठेवले.

२० जानेवारी

फॉर्मचा पहिला आठवडा. यश.

आज नार्व्याहून फोन. शेतात पाय घातला आणि काहीतरी चावलं. फोन करणारा घाईत होता, पण मी त्याला शांतपणे एकेक रकाना भरायला लावला. धंद्याच्या रकान्यापाशी तो शिव्या द्यायला लागला, त्याही मी ‘शेरा’मध्ये नोंदवल्या. पत्त्यापर्यंत आलो तेव्हा म्हणाला, ‘आतां नाका, तो पिकअपांतल्यान गेलो.’ पेशंट शेजाऱ्याच्या पिकअपमधून हॉस्पिटलात गेला होता.

गाडीची फेरी वाचली. आणि फॉर्म पूर्ण भरला गेला, एकही रकाना रिकामा नाही. एवढा सुबक कागद या ऑफिसात आजवर झाला नसेल.

२९ जानेवारी, रविवार

दिपालीला काल पेडण्यात, मोप्याला सोडलं. बाळंतपणाला माहेरी जायची रीत, आणि सासूबाई पद्मावतीबाई त्या बाबतीत ऐकायच्या नाहीत. मी विरोध केला नाही. मोपा म्हणजे सडा, वर मोकळं माळरान, वारा, काजू. घरात फोन नाही, पण काशिनाथच्या दुकानात आहे, दोन पावलांवर. तिथून आमच्या नंबरवर फोन करायचा, एवढंच. बाकी मी बसलोय.

मी परत निघण्याआधी तिथेच रंगीत तालीम घेतली. मी कंट्रोल, ती पेशंट. मी कानाला मूठ लावून विचारलं, कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव? ती हसली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, फोनवर बोट दिसत नाही. मग गंभीर झाली. म्हणाली, नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, आई सांगते, आणि मागच्या वेळेनंतर मी कसलीच परीक्षा बघणार नाही. घरच्या आरतीतसुद्धा ‘पांडुरंग’ आला की ही टाळ्या वाजवते आणि तोंड मिटते, हे मी सहा वर्षं बघतोय. मी समजावलं की ही अंधश्रद्धा आहे आणि फॉर्ममध्ये तिला जागा नाही. ती म्हणाली, ‘तुमी फकत गाडी धाडा.’

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ड्युटीवर मी नवरा नाही, कंट्रोल आहे. उगाच खुशालीचे फोन करायचे नाहीत, लाइन अडते. तिने मान हलवली. समजूतदार आहे.

सासूबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. निघताना मला नारळ दिला.

८ फेब्रुवारी

सुलोचनेशी वाद.

तिची पद्धत बघण्यासारखी आहे. फोन उचलते, ‘खंय?’ (कुठे?) म्हणते, ऐकते, ‘भियेनाका,’ म्हणते, गाडी सोडते, उंडा खाते. फॉर्म नंतर भरते, तोही मनाने. काल तर धंद्याच्या रकान्यात ‘आसतलो कितेंय’ (असेल काहीतरी) असं लिहिलंय.

मी तिला शांतपणे सांगितलं की आपण एका संस्थेत काम करतो. ती म्हणाली, ‘नांव विचारून रगत थांबता?’ हा युक्तिवाद नाही, ही आरडाओरड आहे. तिचा आवाज खाली पोदेरापर्यंत गेला.

मेमो लिहिला. सगुण सर: बगूंया.

१४ फेब्रुवारी

वायरलेसवर बेशिस्त. पेडण्याचा अभिजीत सेटवरून विचारतो, ‘शेट्ये, हरमलाक बांगडे बरे आयल्यात, घेवं?’ जीव वाचवण्याचं यंत्र आहे ते.

सूचना टाइप करून भिंतीला लावली: वायरलेसवर खाजगी बोलणं बंद. घर, मासळी, लग्न, बारसं, काही नाही. फक्त गाडी, जागा, पोचलो. कुणी खाजगी बोलू लागला की मी सेट बंद करीन.

(बांगडे घ्यायला हवे होते. डिचोलीत महाग.)

२२ फेब्रुवारी

माझाच आवाज टेपवर रेकॉर्ड करून ऐकला. ‘नमस्कार, रुग्णवाहिका सेवा, आपण चिंता करू नये.’ भारदस्त. रडत्या माणसाचा धीर परत येईल असा. सरांनाही ऐकवला. म्हणाले, ‘आवाज बरो आसा. पूण फोन बेगीन उखल.’

फोन मी मुद्दाम तीनदा वाजू देतो. तेवढ्यात माणूस स्वतःला सावरतो.

आता आकडे. माझे भरलेले फॉर्म ढीगभर. गाड्या सुटल्या त्या मात्र सुलोचनेच्या जास्त, असं सर म्हणाले. मी दाखवून दिलं की यात दोष फोन करणाऱ्यांचा आहे. माझ्याशी बोलताना अर्ध्यातच ते दुसरी सोय करतात. ही सेवा नको असेल तर फोन कशाला करतात?

२६ फेब्रुवारी, रविवार. मोपा.

दिपालीच्या पायांवर सूज. डॉक्टरांनी मार्चअखेर सांगितलंय. ती थोडी घाबरलेली आहे. रात्री दचकून उठते म्हणाली. मी तिला रस्त्याचा नकाशा काढून दाखवला, तेव्हा शांत झाली. म्हणजे झोपली.

गाडी चुकू नये म्हणून नाक्यावरच्या काजूच्या झाडाला पाटी ठोकली: ‘रुग्णवाहिका’ आणि बाण. सासरे शांताराम बघत उभे होते. त्यांना मी समजावलं की नियोजन म्हणजे काय.

४ मार्च

सासऱ्यांचा निरोप आला. पाटी काढली. त्या झाडाखाली दर मोसमात उर्राक (काजूची दारू) विकायला बसतात. ओळखीचं गिऱ्हाईक बाण बघून घरी येऊ लागलं, दिपालीने दोघांना ताक दिलं.

लोकांना बाणसुद्धा वाचता येत नाही.

१३ मार्च, सोमवार

शिगमा तोंडावर. आता दोन्ही तालुक्यांत ढोल-ताशे, आणि आमच्याकडे थापेबाजी सुरू. काल तिघांनी गाडी मागवली. एकाला घरी सोडायचं होतं, एकाला शिगम्याचा मेळ (नाचणाऱ्यांचा ताफा) बघायला जायचं होतं, तिसरा नुसताच हसला.

उपाय केला. मंगळवारपासून नियम: कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव मिळाल्याशिवाय गाडी सुटणार नाही. थापाड्या माणूस नाव सांगत नाही, हे मानसशास्त्र आहे. एक शिक्काही करून घेतला: ‘माहिती अपूर्ण’. जांभळी शाई.

सगुण सर रजेवर होते, तेव्हा मंजुरी गृहीत.

काही बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, असं सुलोचना म्हणाली. मी म्हटलं, मग त्यांनी नवऱ्याला फोन करायला सांगावा.  

१६ मार्च, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो. इन-चार्जच्या निवडीत याचा उपयोग होईल.

सकाळी घोडेमोडणीची (शिगम्यातल्या घोड्यांच्या नाचाची) तयारी, खाली बाजारात गर्दी. दुपारचं जेवण झालं आणि माझा फोन वाजला. तीनदा वाजू दिला. पलीकडे ढोल आणि ताशे इतके, की फोन थेट मेळातूनच केलाय असं वाटावं. बाई होती. धापा टाकत होती. सुरुवातच अशी: ‘अहो, आयकलात?’

मी म्हटलं, बाई, व्यवस्थित ऐकू येतंय, आमचं उपकरण नवीन आहे. ती म्हणाली, ‘मी…’ आणि मी तिला थांबवलं. तुमचं नाव नंतर, त्याचा रकाना खाली आहे. आधी कुटुंबप्रमुखाचं पूर्ण नाव.

नुसते ढोल. मी पुन्हा विचारलं, आवाज बिलकूल न चढवता.

ती म्हणाली, ‘तेंचा नाव माका घेवक येना नाय. तुमका म्हायत आसा.’

मला कसं माहीत असणार? दिवसाला इतके फोन येतात. मी तिला समजावलं की नियम माणसांसाठीच असतात, आणि नाव नाही तर गाडी नाही. ती कण्हली. कोणीतरी मागून तिला काही सांगत होतं. ती मला म्हणाली, अहो, घ्या ना समजून. मी म्हटलं, बाई, इथे समजून घेण्याचा रकाना नाही. मग म्हणाली, ‘बरां.’ आणि फोन ठेवला.

‘बरां’ म्हणाली, म्हणजे तिला पटलं असावं.

फॉर्मवर शिक्का मारला. शेऱ्यात ‘असहकार’ लिहिलं. एवढ्या गोंधळात, एवढ्या भावनाप्रधान फोनवर, मी एकदाही तोल सोडला नाही. टेप करून ठेवायला हवं होतं.

शिक्क्याची शाई वाळेपर्यंत सुलोचनेचा फोन वाजला. तिने अर्थातच पहिल्याच घंटेला उचलला. ‘खंय?’ आणि मग, ‘रडूं नाका गो बाये, नांव नाका म्हाका, खंय तें सांग.’ आणि लगेच सेटवर पेडण्याच्या अभिजीतला ओरडून काहीतरी सांगितलं. मी तेव्हा कपाटात फाइल लावत होतो. येऊन तिचा फॉर्म बघितला. कुटुंबप्रमुख: कोरा. वय: कोरं. धंदा: कोरा. पत्ता: ‘सड्यार, दुकानाकडेन. बाळंतीण.’ बस.

सड्यावर! पेडणे तालुक्यात सड्याशिवाय आहे काय? आणि दुकान म्हणजे कुठलं दुकान? नियम होऊन तीन दिवस नाहीत, तर माझ्या डोळ्यांदेखत ही बाई अशी गाडी सोडते. मी विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? ती म्हणाली, जन्माला येईल तेव्हा त्यालाच विचारा.

मी बसून मेमो लिहिला. तीन पानं. मागणी: सदर फेरी अनधिकृत ठरवावी, सुलोचनेकडून आणि ड्रायव्हरकडून लेखी खुलासा घ्यावा, सदर रुग्णाची चौकशी व्हावी. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा (डिस्पॅचर).

मधेच अभिजीत वायरलेसवर. म्हापशाला हॉस्पिटलात पोचलो म्हणाला. इथपर्यंत ठीक. मग म्हणतो, ‘शेट्ये, आयक, तुज्या घरची…’ मी तिथेच त्याला तोडलं. घर, मासळी, लग्न, बारसं, काही नाही. सूचना भिंतीवर आहे. तो पुन्हा ‘अरे शेट्ये’ म्हणाला. सेट बंद केला. शिस्त एकाला सवलत दिली की गेली.

मेमो सरांच्या टेबलावर ठेवूनच खोलीवर आलो. थकलोय, पण समाधान आहे. मोप्याहून काही निरोप नाही, म्हणजे सगळं ठीक. रविवारी जाईन.

१७ मार्च, शुक्रवार. सकाळ, बसमध्ये.

अक्षर हलतंय, कदंब बसचा दोष.

मोठी बातमी. मेमो मंजूर! पहिल्यांदाच ‘बगूंया’ नाही.

सगुण सर मी यायच्या आधीच ऑफिसात होते. अभिजीतही होता, ड्युटी पेडण्यात असून. सरांच्या हातात माझी तीन पानं. बराच वेळ माझ्याकडे बघत होते. त्यांना भरून आलंय असं मला वाटलं. मग विचारलं, काल संध्याकाळी कुठे होतास? मी म्हटलं, मेमो लिहून थेट खोलीवर. आणि घरून काही कळलं नाही? मी म्हटलं, सर, ड्युटीवर मी घरचे फोन घेत नाही.

अभिजीत काहीतरी बोलणार होता, सरांनी त्याला हाताने थांबवलं. मला म्हणाले, ‘चवकशी तूंच कर. म्हापशें वच. बाळंतिणींचो वॉर्ड. तिचो जबाब घेवन यो.’

चौकशी अधिकारी! इन-चार्जचं काम यालाच म्हणतात.

सुलोचनेने पिशवी दिली. आत गरम उंडे, साजूक तुपाची बरणी, लहान टोपडं. पेशंटला द्या म्हणाली. साक्षीदारावर दबाव आणायचा हा सरळ प्रयत्न, पण मी घेतली, नोंद करता येईल. तिने माझ्याकडे नीट बघितलंही नाही. कालची तडफ कुठे गेली? तीन पानांनी माणूस नरमतो.

पेशंटला विचारायचे प्रश्न काढून ठेवले. आपण प्रथम कोणत्या ऑपरेटरशी बोललात? त्यांनी आपल्याशी सौजन्याने वर्तन केलं का? (करायलाच हवं, तो मीच.) नाव सांगण्यास नकार का दिलात? फोन आपणहून का ठेवलात?

थिवीचा चढ आला. पेन ठेवतो.

तोच दिवस, दुपार. हॉस्पिटलचा व्हरांडा.

दिपाली आहे.

वॉर्डात शिरलो, हातात क्लिपबोर्ड. नर्सला विचारलं, काल दुपारी पेडण्याच्या गाडीतून आलेली बाळंतीण. तिने कोपऱ्यातली खाट दाखवली. खाटेशेजारी स्टुलावर पद्मावतीबाई बसल्या होत्या. मला वाटलं, सासूबाई इथे कुणाला भेटायला आल्यात. मग खाटेवर बघितलं.

मुलगी. कालच झाली, आल्यावर थोड्याच वेळात. गोरी म्हणावी तर गोरी नाही. डोकं केसांनी भरलेलं. वजन बरं आहे. दोघी सुखरूप. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं सासूबाई म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडलं.

मी रडलो. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. वॉर्डात सगळ्या बायका बघत होत्या.

मग सासूबाईंनी सांगितलं. काशिनाथच्या दुकानासमोर मेळ आला होता. दिपाली फोन करून खाली ओट्यावर बसली आणि म्हणाली, ते गाडी पाठवणार नाहीत. दुकानदार म्हणाला, पुन्हा लाव, फोन दुसराच कोणी उचलेल. या वेळी तिने माझं नाव घ्यायचं ठरवलं होतं. काय व्हायचं ते होऊ दे म्हणाली. पण पलीकडच्या बाईने नाव विचारलंच नाही.

दिपाली सगळं ऐकत पडून होती. बाळाला माझ्याकडे दिलं नाही, पण नाही असंही म्हणाली नाही. तिची नजर क्लिपबोर्डवर गेली. मी तो पाठीमागे धरला. एवढ्या वेळात तिने एकच विचारलं.

‘माझो आवाज वळाकलात नाय?’

मी म्हटलं, ढोल वाजत होते. शिगम्याचे. फार मोठ्याने.

ती म्हणाली, ‘तेच ढोल माझ्या कानाक पण होते. मी तुमचो आवाज वळाकलंय.’

मी क्लिपबोर्ड खिडकीत ठेवला. पिशवी काढून दिली. टोपडं तिने लगेच बाळाला घातलं, बरोबर बसलं. सुलोचनेला माप कसं कळलं कोण जाणे. मेमो परत घ्यावा लागणार. सरांनी तसं सांगायची वेळ येऊ नये म्हणून आजच फोन करावा म्हणतोय, पण फोन सुलोचना उचलेल.

थोड्या वेळाने दिपाली म्हणाली, घसा सुकलाय, जरा गरम पाणी आणा. मी ताबडतोब उठलो. विचारलं, किती लागेल? पिण्यापुरतं की बाळासाठीही? वरच्या कँटीनमधलं की गेटबाहेरचं? थर्मास आपला आहे की नर्सकडून घ्यायचा?

सासूबाई उठल्या, खाटेखालचा थर्मास घेतला आणि पाणी आणायला गेल्या.